परार्ध ते लाख कोटी : महत्तावाचक संख्यानामांचा तौलनिक इतिहास

सारांश

अतिविशालतेची कल्पना सर्व भाषांत व्यक्त होते. परंतु ती व्यक्त करणारे शब्द एकाच प्रकारे घडलेले नाहीत आणि त्यांचे मूल्यही सर्वकाळ स्थिर राहिलेले नाही. प्रस्तुत निबंधात संस्कृत, मराठी, हिंदी, ग्रीक, लॅटिन, चिनी, जपानी, मलय, फारसी व आधुनिक युरोपीय भाषांतील मोठ्या संख्यांच्या नावांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. एकाच संख्यानामाला निरनिराळ्या काळी व प्रदेशी भिन्न किंमत होती, ही किंमत शब्दाच्या व्युत्पत्तीने नव्हे तर ग्रंथपरंपरा, व्यापार व शासन यांनी ठरविली, आणि आजच्या मराठीत अब्जाच्या पुढे असा सर्वमान्य निर्णय झालेला नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : संख्यानामे, परार्ध, कोटी, अब्ज, महापद्म, मिलियन, बिलियन.

१. प्रास्ताविक

मानवाच्या सांस्कृतिक इतिहासात मोजण्याची क्रिया अत्यंत प्राचीन आहे. हाताच्या बोटांवर मावणाऱ्या संख्यांना बहुतेक भाषांत स्वतंत्र नावे आहेत आणि त्यांच्या अर्थाविषयी संदिग्धता नाही. पाच म्हणजे किती, याविषयी दोन समाजांत मतभेद होण्याचे कारण नाही. मात्र संख्या जसजशी डोळ्यांच्या व अनुभवाच्या कक्षेबाहेर जाते तसतसे तिचे नाव आणि तिचे मूल्य यांतील संबंध सैल होत जातो. या सैलपणाचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचा नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ४५ लाख कोटी रुपये होता. हीच रक्कम इंग्रजी वृत्तान्तात ४५ ट्रिलियन रुपये होते आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संज्ञा वापरल्यास ४ शंकू ५ महापद्म रुपये होते. रक्कम एक असताना तिची तीन नावे आहेत, आणि यांपैकी एकाही नावाने सामान्य वाचकाच्या मनात निश्चित आकृती उभी राहत नाही. ज्या रकमेतून नागरिकांच्या शाळा, रस्ते व रुग्णालये उभी राहतात तिचे नावच दुर्बोध असेल, तर तिच्यावर चर्चा कशी व्हावी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) महत्तावाचक शब्दांच्या घडणीचे प्रमुख प्रकार स्पष्ट करणे.
२) मोठ्या संख्यानामांच्या मूल्यांत कालपरत्वे व स्थलपरत्वे झालेले बदल दाखविणे.
३) या बदलांमागील सामाजिक व शासकीय कारणांचा शोध घेणे.
४) मराठीतील सद्यःस्थितीचे परीक्षण करणे.

यासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्राचीन ग्रंथांतील संख्यानामांच्या याद्या परस्परांशी ताडून पाहिल्या आहेत. भिन्न पद्धतींची तुलना सुकर व्हावी म्हणून प्रत्येक नावाचे मूल्य ‘एकावर किती शून्ये’ या स्वरूपात दिले आहे.

३. महत्तावाचक शब्दांची घडण

संख्यानामांकडे वळण्यापूर्वी आकाराची विशालता दाखविणाऱ्या सामान्य शब्दांचा थोडक्यात विचार करणे आवश्यक आहे. कारण संख्यानामे बहुधा याच शब्दांच्या मार्गाने घडलेली आहेत.

पहिला मार्ग नकाराचा होय. ज्याला पार नाही ते अपार, ज्याचे माप नाही ते अमाप, ज्याचा थांग नाही ते अथांग. इंग्रजीतील ‘इमेन्स’ हा शब्द लॅटिनमधील ‘न मोजलेले’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. म्हणजे तो रचनेने आपल्या ‘अमाप’ शब्दाचा सख्खा भाऊ ठरतो. दुसरा मार्ग निसर्गातील प्रतिमेचा आहे. डोंगराएवढे, समुद्रासारखे, आभाळाएवढे अशी उपमाने सर्वत्र आढळतात. तिसरा मार्ग प्राण्यांचा किंवा महाकाय पुरुषांचा आहे. मराठीत मोठ्या चुकीला घोडचूक म्हणतात. इंग्रजीतही ‘हॉर्स-चेस्टनट’, ‘हॉर्स-रॅडिश’ या वनस्पतिनामांत घोडा हा थोराड व भरड जातीचा निदर्शक आहे. भीमकाय आणि राक्षसी या शब्दांच्या जोडीला युरोपीय भाषांत जायंट व टायटन यांच्यावरून आलेली विशेषणे आहेत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील जंबो नावाचा हत्ती १८८२ साली बार्नम यांच्या अमेरिकन सर्कशीला विकला गेला आणि त्याचे नाव पुढे कोणत्याही मोठ्या वस्तूचे विशेषण बनले.

महत्तावाचक शब्द अर्थाने किती चंचल असतात याची उदाहरणे मराठीतच आहेत. ‘अजस्र’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘अखंड, न थांबणारे’ असा आहे. मराठीत तो ‘अवाढव्य’ या अर्थी रूढ झाला. ‘प्रचंड’ म्हणजे मुळात अत्यंत उग्र. मराठीत त्याची उग्रता मागे पडून आकार तेवढा उरला. ‘थोर’ या शब्दात तर आकार, वय आणि योग्यता हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. ग्रीक ‘मेगस’, लॅटिन ‘माग्नुस’ आणि संस्कृत ‘महत्’ हे एकाच भारत-युरोपीय धातूचे वंशज आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे.

चौथा मार्ग संख्यानामांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे लहान संख्येलाच मोठे विशेषण लावून पुढची संख्या घडविणे. इंग्रजी ‘थाउजंड’ या शब्दाचा मूळ अर्थ बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘फुगलेले शंभर’ असा आहे. इटालियन भाषेत हजार या अर्थाच्या ‘मिले’ शब्दाला मोठेपणा दाखविणारा ‘ओने’ हा प्रत्यय लागून ‘मिल्योने’, म्हणजे ‘मोठा हजार’, तयार झाला आणि त्याचाच पुढे मिलियन झाला. मोठ्या आकड्याला खास नाव हवे, पण ते निर्माण करताना आधार मात्र परिचित आकड्याचा घ्यावा, ही मानवी प्रवृत्ती यातून दिसते.

४. प्राचीन भारतातील संख्यानामे

मोठ्या संख्यांना स्वतंत्र नावे देण्याची परंपरा भारतात फार जुनी आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत एक, दश, शत, सहस्र, अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद, न्यर्बुद, समुद्र, मध्य, अंत आणि परार्ध अशी तेरा नावे क्रमाने येतात. प्रत्येक नाव मागील नावाच्या दहापट आहे. म्हणजे परार्ध एकावर बारा शून्ये इतका होतो. अग्निचयनातील वेदीच्या विटा यजमानासाठी इतक्या संख्येने दुभत्या गाई व्हाव्यात, अशी प्रार्थना तेथे आहे. मोठ्या संख्येची गरज यज्ञविधीतून व समृद्धीच्या आकांक्षेतून निर्माण झाली होती, हे यावरून स्पष्ट होते. ‘समुद्र’ या नावात निसर्गप्रतिमा आहे, तर ‘मध्य’, ‘अंत’ व ‘परार्ध’ या नावांत विश्वाचा विस्तार डोळ्यांपुढे ठेवलेला दिसतो.

गणितग्रंथांनी ही नावे स्वीकारली. परंतु जशीच्या तशी नव्हे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात एकापासून वृंदापर्यंत दहा स्थाने दिली आहेत. त्याच्या यादीत प्रयुतानंतर कोटी येते, त्यामुळे अर्बुद एक स्थान पुढे सरकून एकावर आठ शून्ये इतका होतो. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रहा’त चोवीस स्थाने सांगितली. त्यांची पद्धत वेगळी आहे. दशसहस्र, दशलक्ष, दशकोटी, शतकोटी अशी जोडनावे ते वापरतात आणि पुढे खर्व-महाखर्व, पद्म-महापद्म, शंख-महाशंख अशा जोड्या लावतात. ‘महा’ हा उपसर्ग येथे केवळ गौरव दर्शवीत नाही. तो नेमकी दहापट दाखवितो. या यादीत अर्बुद एकावर दहा शून्ये इतका झाला आहे.

इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त अठरा नावे दिली : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य व परार्ध. येथे परार्ध एकावर सतरा शून्ये इतका आहे. म्हणजे यजुर्वेदातील परार्धाहून तो एक लाख पटींनी मोठा ठरतो. यजुर्वेदात ‘मध्य’ आधी व ‘अंत’ नंतर होता. लीलावतीत अंत्य आधी आणि मध्य नंतर येतो. स्थानांची ही नावे पूर्वसूरींनी व्यवहारासाठी केलेली आहेत, असे भास्कराचार्य स्वतःच सांगतात. संख्यानाम ही मानवाने केलेली सोय आहे, याची स्पष्ट जाणीव या विधानात आहे.

‘व्यवहार’ या शब्दाला महाराष्ट्रात एक शिलालेखीय साक्षही आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा एक शिलालेख असून तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा त्यात उल्लेख आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारातील मालावरील जे हक्क मठास दिले त्यांची नोंद जुन्या मराठीत आहे. परार्धापर्यंत मोजणारी विद्या ज्या मठात शिकविली जाई, त्याचा निर्वाह बाजारातील मापांवर होत होता.

बौद्ध व जैन परंपरांनी विशालतेची कल्पना याहून पुढे नेली. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात बोधिसत्त्व अर्जुन नावाच्या गणितज्ञापुढे कोटीच्या पुढील नावे शंभरपटीच्या क्रमाने सांगतो आणि ‘तल्लक्षणा’पर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये इथपर्यंत पोहोचतो. या यादीत शंभर कोटींना अयुत म्हटले आहे. यजुर्वेदात अयुत म्हणजे केवळ दहा हजार. जैन आगमांत चौऱ्याऐंशी लक्षांचा वारंवार गुणाकार करून ‘शीर्षप्रहेलिका’ ही संख्या मिळविली आहे. ज्या कालमानाला संख्याही अपुरी पडते त्यासाठी जैन विचारवंतांनी पल्योपम व सागरोपम ही ‘उपमेची’ मापे कल्पिली आणि संख्यात, असंख्यात व अनंत असे तीन स्वतंत्र वर्ग केले. असंख्यात आणि अनंत यांत भेद करणे ही वैचारिक दृष्ट्या मोठी झेप होती.

५. ईजिप्त, ग्रीस, रोम व रशिया

प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीत हजारासाठी कमळाचे, लाखासाठी बेडकाच्या पिलाचे आणि दहा लाखांसाठी दोन्ही हात वर केलेल्या ‘हेह’ या अनंततेच्या देवतेचे चिन्ह होते. पुढील काळात हे शेवटचे चिन्ह निश्चित संख्येसाठी वापरणे मागे पडले आणि त्याला ‘पुष्कळ’ असा सामान्य अर्थ उरला. निश्चित संख्या पुन्हा अनिश्चिततेत विलीन होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ग्रीकमध्ये प्रवास उलट दिशेने झाला. ‘मिरिऑय’ या शब्दाचे स्वराघाताने दोन अर्थ होत : एक ‘अगणित’ आणि दुसरा ‘दहा हजार’. ग्रीकांच्या नित्य संख्यानामांची मजल येथे संपत असे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिराक्यूजचा राजा गेलॉन याला उद्देशून ‘वाळूचे कण मोजणारा’ या आशयाच्या नावाचा प्रबंध लिहिला. वाळूचे कण अनंत आहेत, किंवा अनंत नसले तरी त्यांना नाव देता येणार नाही, असे मानणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. दहा हजारांना दहा हजारांनी गुणून येणारी दहा कोटी ही संख्या त्याने नवे एकक मानली आणि त्यावर श्रेणी रचल्या. ऍरिस्टार्कसच्या सूर्यकेंद्री कल्पनेप्रमाणे विश्व कितीही विशाल धरले, तरी ते भरणाऱ्या वाळूच्या कणांची संख्या एकावर त्रेसष्ट शून्ये यापेक्षा अधिक होणार नाही, असे त्याने दाखविले. मात्र आर्किमिडीजची ही रचना व्यवहारात कधीच रूढ झाली नाही. तिच्या पाठीशी ना बाजार होता ना खजिना.

रोमन लोकांकडे साम्राज्य होते, तरी लॅटिनमध्ये हजाराच्या पुढे स्वतंत्र नाव नव्हते. दहा लाख म्हणण्यासाठी ‘दहा वेळा शंभर हजार’ असा वाक्प्रयोग करावा लागे. केवळ ‘पुष्कळ’ म्हणायचे असल्यास ते ‘सहाशे’ म्हणत. जुन्या रशियन भाषेत ‘त्मा’ हा ‘अंधार’ या अर्थाच्या शब्दाशी एकरूप असलेला संख्याशब्द होता. लहान गणनेत त्मा म्हणजे दहा हजार, तर मोठ्या गणनेत तोच शब्द दहा लाखांसाठी योजला जाई.

६. संस्कृत संख्यानामांचा परदेशप्रवास

भारतीय संख्यानामे धर्म व व्यापाराबरोबर दूरवर गेली. या प्रवासात नाव टिकले आणि मूल्य बदलले.

चिनी गणनेचा पाया दहा हजारांचा आहे. दहा हजारांना ‘वान’ म्हणतात आणि आज त्यानंतरचे प्रत्येक मोठे नाव साधारणतः दहा हजारपटीने वाढते. तथापि जुन्या चिनी गणितात नावे वाढविण्याच्या तीन पद्धती होत्या, त्यामुळे ‘यी’ या शब्दाचा अर्थ एका पद्धतीत एक लाख तर दुसरीत दहा कोटी होई. १२९९ साली झू शिजे याने लिहिलेल्या गणिताच्या प्राथमिक ग्रंथात या यादीच्या टोकाला बौद्ध परंपरेतून आलेली नावे जोडलेली आहेत : गंगेच्या वाळूचे कण, असंख्येय, नयुत, अचिंत्य आणि अपरिमेय. हीच नावे जपानमध्ये गेली आणि १६२७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या योशिदा मित्सुयोशी यांच्या ‘जिंकोकी’ या लोकप्रिय अंकगणितामुळे घरोघर पोहोचली. आज जपानमध्ये रूढ असलेल्या यादीत ‘गोगाशा’, म्हणजे गंगेची वाळू, एकावर बावन्न शून्ये. ‘असोगी’, म्हणजे असंख्येय, एकावर छप्पन्न शून्ये. आणि ‘नायुता’ एकावर साठ शून्ये इतकी आहे. जे मोजता येत नाही म्हणून ‘असंख्येय’ म्हटले गेले तेच येथे एक निश्चित संख्या बनले; इतकेच नव्हे तर त्याच्याही पुढे मोजणी चालू राहिली.

आग्नेय आशियात वेगळा प्रकार घडला. मलय व जावाच्या भाषांत ‘लक्सा’ हा शब्द लक्षापासून आला. पण त्याचे मूल्य दहा हजार. कोटीपासून आलेला ‘केती’ एक लाखाचा, तर अयुतापासून आलेला ‘जुता’ दहा लाखांचा. आज इंडोनेशियात दहा लाखांना जुताच म्हणतात. भारतातील अयुत तेथे शंभरपट मोठा झाला आणि कोटी शंभरपट लहान.

पश्चिमेकडे फारसीने भारतातून ‘करोड’ हा शब्द ‘कुरूर’ या रूपात घेतला. इराणमध्ये मात्र कुरूर म्हणजे पाच लाख. १८२८ साली तुर्कमानचायच्या तहान्वये इराणने रशियाला दहा कुरूर तुमान युद्धखंडणी देण्याचे मान्य केले. ही रक्कम पन्नास लाख तुमान होती. भारतीय अर्थाने वाचणारा अभ्यासक हाच आकडा दहा कोटी समजेल आणि खंडणी वीसपट फुगवून सांगेल. इतिहासलेखनात संख्यानामाच्या अज्ञानाने केवढा प्रमाद घडू शकतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

७. मिलियन, बिलियन आणि शासननिर्णय

युरोपात मिलियन रूढ झाल्यानंतर त्यापुढील नावांची रचना निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाच्या १४८४ च्या हस्तलिखितात आढळते. त्याने प्रत्येक नाव मागील नावाच्या दहा लाखपट धरले. त्यानुसार बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये आणि ट्रिलियन म्हणजे एकावर अठरा शून्ये. सतराव्या शतकापासून फ्रान्समध्ये प्रत्येक नाव मागील नावाच्या हजारपट धरण्याची दुसरी रीत पसरली. तिच्यात बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्ये व ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये. अमेरिकेने ही दुसरी रीत उचलली. ब्रिटन व जर्मनी पहिल्या रीतीवर राहिले. एकच शब्द अटलांटिकच्या दोन तीरांवर हजारपटीच्या फरकाने वापरला जाऊ लागला.

या फरकाचे परिणाम १९२३ च्या जर्मन चलनफुगवट्याच्या अभ्यासात स्पष्ट दिसतात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका डॉलरचा भाव एकावर बारा शून्ये या मापाने ४.२ पट मार्क इतका झाला. जर्मन कागदपत्रांत ही संख्या ४.२ बिलियन अशी आहे, तर अमेरिकन ग्रंथांत ती ४.२ ट्रिलियन आहे. दोन्ही लेखक अचूक आहेत. पण एकाचा शब्द दुसऱ्याच्या भाषेत तसाच नेणारा अनुवादक मात्र हजारपटीने चुकतो.

हा गोंधळ भाषेने आपोआप मिटविला नाही. फ्रान्सने १९६१ साली अधिकृतपणे जुन्या दीर्घ रीतीचा स्वीकार केला. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७४ साली संसदेतील उत्तरात सरकारी वापरात बिलियन म्हणजे हजार मिलियन असे स्पष्ट केले. शतकानुशतके चालत आलेला अर्थ शासकीय वापरातून असा बाद झाला.

वैज्ञानिक मापनाचा इतिहासही हेच सांगतो. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत १९६० साली मेगा, गिगा व टेरा हे उपसर्ग स्वीकारले गेले. ग्रीकमध्ये त्यांचे अर्थ अनुक्रमे मोठा, महाकाय पुरुष आणि विलक्षण प्राणी किंवा राक्षस असे आहेत. आज हातातल्या संगणकावर टेराबाइट लिहिलेले असते तेव्हा त्या शब्दात एक ग्रीक राक्षस दडलेला असतो. राक्षसाच्या पुढे प्रतिमा संपल्या असाव्यात. कारण १९७५ साली आलेले पेटा व एक्सा हे उपसर्ग ग्रीकमधील पाच व सहा या संख्याशब्दांवरून घडविले गेले. १९९१ साली झेटा व योटा, तर २०२२ साली रोना व क्वेटा यांची भर पडली. हे उपसर्ग जगभर एकाच अर्थाने वापरले जातात. कारण त्यांचे मूल्य एका आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून दिलेले आहे.

८. मराठीतील सद्यःस्थिती

भारतीय भाषांत व्यवहाराची गणना हजारानंतर शंभरपटीने चालते : हजार, लाख, कोटी. अंकांतील स्वल्पविरामही याच क्रमाने पडतात. कोटीपर्यंत मराठीत संदिग्धता नाही. ‘नवकोट नारायण’ या वाक्प्रचारातही कोटीचा मान टिकून आहे. त्यापुढे अब्ज हा शब्द एकावर नऊ शून्ये या अर्थाने बऱ्यापैकी स्थिर झाला असून तो आजच्या इंग्रजी बिलियनशी जुळतो. जगाची लोकसंख्या २०२२ साली आठ अब्ज झाली, हे वाक्य मराठी वाचकाला अडत नाही.

अडचण अब्जानंतर सुरू होते. लीलावतीच्या क्रमाप्रमाणे खर्व म्हणजे एकावर दहा शून्ये; परंतु शेजारच्या हिंदीत ‘खरब’ म्हणजे एकावर अकरा शून्ये. हिंदीतील ‘अरब’ हा अर्बुदापासून आलेला असून तो एकावर नऊ शून्ये इतका आहे, तर लीलावतीतील अर्बुद एकावर आठ शून्ये. महापद्म लीलावतीत एकावर बारा शून्ये, तर महावीराचार्यांकडे एकावर पंधरा शून्ये. शब्दकोशातील नाव उचलून आजच्या रकमेला चिकटविणे त्यामुळे सुरक्षित राहत नाही. परिणामी मराठी वृत्तपत्रांत व पुस्तकांत एकाच रकमेसाठी कधी ‘लाख कोटी’, कधी ‘हजार अब्ज’, तर कधी ‘ट्रिलियन’ असा वापर दिसतो. ‘लाख कोटी’ ही रचना ‘फुगलेले शंभर’ व ‘मोठा हजार’ यांच्याच जातीची आहे. परिचित नावांवर परिचित नाव रचून मोठी संख्या येथे गाठलेली आहे. तिला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या सुबोधतेचा आहे.

लाख, कोटी आणि लाख कोटी हे शब्द उच्चाराने जवळजवळ सारखेच सोपे असल्याने त्यांतील अंतर जाणवत नाही. ते कालमापनाने स्पष्ट होते. एक लाख सेकंद म्हणजे सुमारे अठ्ठावीस तास. एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस. एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षे. एक लाख कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१,७०० वर्षे. एवढ्या काळात मानवाचा संपूर्ण लिखित इतिहास अनेक वेळा मावतो. त्याचप्रमाणे ४५ लाख कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पाला सुमारे १४० कोटी लोकसंख्येने भागले असता दरडोई सुमारे ३२,००० रुपये येतात. हा आकडा कोणत्याही कुटुंबाला समजतो आणि त्यावर बोलता येते.

मोठ्या मापांचे प्रमाणीकरण शासनाच्या निर्णयाने शक्य होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. मण व खंडी या मापांचे वजन पूर्वी प्रांतोप्रांती वेगळे असे. १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि बाजारातील हा भेद नाहीसा झाला. ‘खंडीभर’ हा शब्द आता ‘पुष्कळ’ या अर्थाने भाषेत उरला आहे. ईजिप्तमधील ‘हेह’ चिन्हाचे जे झाले तेच येथे खंडीचे झाले.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :
१) महत्तावाचक शब्द बहुधा नकार, निसर्गप्रतिमा, महाकाय प्राणी वा पुरुष आणि लहान संख्येचा विस्तार या चार मार्गांनी घडतात. हे मार्ग परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही आढळतात.
२) संख्यानामाची व्युत्पत्ती त्याचे मूल्य सांगत नाही. परार्ध, अर्बुद, अयुत, कोटी, बिलियन या सर्वांची मूल्ये काळ व प्रदेश यांनुसार बदललेली आहेत.
३) यज्ञ, धर्मविचार, बाजार, राजकोश व विज्ञान या गरजांतून नावे निर्माण झाली. ज्यांच्या पाठीशी अध्ययनपरंपरा, व्यापार वा शासन उभे राहिले ती टिकली. आर्किमिडीजच्या रचनेसारख्या बुद्धिमान योजना आधाराअभावी ग्रंथातच राहिल्या.
४) मराठीजवळ अब्जाच्या पुढील नावांचा समृद्ध वारसा आहे, परंतु त्यांच्या मूल्यांविषयी आज एकमत नाही.

१०. सूचना

१) पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रे व शासकीय प्रकाशने यांनी कोटीच्या पुढील नावांचा एकच तक्ता स्वीकारावा. ‘लाख कोटी’ हीच रचना ठेवायची असल्यास तशी स्पष्ट नोंद असावी.
२) जुन्या कागदपत्रांतील मोठ्या रकमा उद्धृत करताना अभ्यासकांनी मूळ नावाबरोबर शून्यांची संख्या आणि तत्कालीन पद्धती यांचा निर्देश करावा.
३) सार्वजनिक खर्चाचे आकडे देताना दरडोई किंवा अन्य परिचित प्रमाणही द्यावे.

भास्कराचार्यांनी संख्यानामे व्यवहारासाठी आहेत असे म्हटले. यज्ञवेदीच्या विटा मोजणाऱ्या ऋषीला परार्ध हवा होता. आजच्या नागरिकाला अर्थसंकल्प वाचण्यासाठी त्याच एकावर बारा शून्यांच्या संख्येची गरज पडते. त्या संख्येला कोणते नाव द्यावे याविषयी मतभेद राहू शकतात. मात्र ते नाव उच्चारताच किती, हे सर्वांना एकसारखे कळावे, एवढी अपेक्षा व्यवहाराच्या भाषेकडून निश्चितच करता येईल.